गणितातला सज्जन व्यापारी

शाळेत जगायला उपयोगी पडेल असं काहीच शिकवत नाहीत, ही तक्रार जळगाव-धुळ्याकडे घरोघरी ऐकू येते. पुढारीही भाषणात ती करतात. ज्यांच्या स्वतःच्या शिक्षणसंस्था आहेत, ते जरा जास्त पोटतिडकीनं करतात.

आमचा राग गणितावर आहे. पाठ्यपुस्तकातला व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या तसाच सज्जन राहिला आहे. पूर्ण वजनाचे पूर्ण पैसे देऊन माल घेतो, विकतो आणि नफा शेकडा किती झाला ते पोरांकडून काढून घेतो. असा इसम रावेर-यावलकडे सापडलाच, तर गावजेवण घालून त्याचा सत्कार करावा लागेल. आमच्याकडचं केळीचं गणित असं : घड रावेरच्या बागेत कापायचा, भाव मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या बाजार समितीचा विचारायचा आणि पदरात त्याहून कमी घ्यायचा. कमी का? तर माल ‘जरा हलका’ आहे. किती हलका, ते व्यापाऱ्याला नुसतं बघून कळतं. मोजमापाच्या प्रकरणात ही पद्धत अजून आलेली नाही.

कापसाचं उदाहरण वरच्या इयत्तेला द्यावं. भारतीय कापूस महामंडळाच्या म्हणजे सीसीआयच्या केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, पुढच्या प्रत्येक टक्क्याला कपात आणि १२ ओलांडले की गाडी परत. परतीच्या वाटेवर खेडा खरेदीवाला उभाच असतो. त्याला ओल्या कापसाचं वावडं नाही, पैसेही रोख देतो. फक्त भाव पाडतो आणि वर वजनातून कट्टी कापतो. तर सोडवा : गाडीभाडं, हमाली आणि कट्टी वजा जाता दिवाळीला काय उरलं? (उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापू नये, बाप वाचतो.)

विज्ञानाच्या तासाला केळीचा विमा घ्यावा. थंडीत सलग ३ दिवस पारा ८ अंशांवर किंवा त्याखाली राहिला तर भरपाई मिळते. पण पारा धरायचा तो महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा. बाग करपली ही बागेची खासगी बाब.

सरकार काहीच करत नाही असं मात्र नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात १० दिवस दप्तराविना आहेत आणि २०२४ पासून शनिवारही आनंददायी झाला आहे. आनंदाचे फोटो तेवढे गुरुजींनी वेळेत वर पाठवायचे. फोटोंची ही अट साने गुरुजींना नव्हती. ते १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे. अक्षांश-रेखांशासकट फोटो नसल्यामुळे आज तो उपक्रम ‘निरंक’ दाखवावा लागला असता.

राहता राहिले पालक. शाळेच्या नावानं बोटं मोडणारा बाप दहावीनंतर पोराचं नाव गावच्या कॉलेजात घालतो आणि पोराला क्लासला धाडतो लातूर नाहीतर कोट्याला. हजेरी इथे, हजर तिथे. जीवनशिक्षणाचा इतका चोख धडा कुठल्या शाळेला जमणार?

तेव्हा बालभारतीला एवढीच विनंती. पुढच्या आवृत्तीत नफा-तोट्याच्या प्रकरणात एक तरी कट्टी कापणारा व्यापारी घाला. शेकडेवारी पोरं काढतील, त्यांच्या आज्यांनाही ती तोंडी येते. तोटा कोणाचा, तेवढं ठळक छापा.