एका फुलाच्या दोन नोंदी

मनुष्याच्या सर्व इंद्रियांत नासिका हे सर्वांत सनातनी इंद्रिय आहे, असे माझे महसूल खात्यातील प्रदीर्घ सेवेअंती बनलेले मत आहे. डोळा नव्या रंगाशी चार दिवसांत जुळवून घेतो, कानही नव्या सुरांशी यथावकाश तडजोड करतो; परंतु नाकाच्या दप्तरी एखाद्या वासाची जी पहिली नोंद पडते, तीत फेरफार करून घेणे हे सातबाऱ्यावरील मयत खातेदाराचे नाव कमी करून घेण्याहूनही दुष्कर होय. वाळा आणि केवडा हे वस्तुतः अत्तराचे मानकरी असूनही सरबतात आणि मिठाईत राजरोस वावरतात, गुलाब तर गुलकंद होऊन पोटात जातो, आणि आपण त्यास हरकत घेत नाही. कारण त्या नोंदी पणजोबांच्या अमदानीतच मंजूर झालेल्या असतात. लव्हेंडरची नोंद मात्र आमच्या घरी साबण, पावडर आणि दाढीनंतर गालांस चोळावयाचे पाणी या सदराखाली पडली होती. सबब तेच लव्हेंडर बिस्किटाच्या रूपाने पुढे आले तेव्हा अधिकारक्षेत्राचा प्रश्न उपस्थित होणे अटळ होते.

नाताळच्या दिवसांत आम्ही उभयता सिॲटलनजीक कन्येकडे मुक्कामास होतो. शेजारीणबाईंनी स्वहस्ते भाजलेली लव्हेंडरची बिस्किटे, पत्र्याच्या डब्यास जांभळी फीत बांधून, स्वतः दारी येऊन दिली. एक तुकडा तोंडात टाकताच आमच्या सौभाग्यवतींची मुद्रा गंभीर झाली आणि त्यांनी अभावितपणे देव्हाऱ्याच्या दिशेस पाहिले. ‘अहो,’ त्या म्हणाल्या, ‘ह्याला आरतीचा वास येतोय.’

यात श्रद्धेचा भाग नसून रसायनाचा होता. जावईबापूंनी खुलासा केला, की लव्हेंडरची घराणी दोन : एक खरे, कापराचा अंश नाममात्र असलेले आणि म्हणून स्वयंपाकघरात प्रवेश मिळालेले; दुसरे संकरित, ज्यास लव्हँडिन म्हणतात, तेल मुबलक देणारे आणि कापूरही तितक्याच उदारपणे देणारे, जे साबणाच्या कामी येते. बाईंच्या पिठात दुसऱ्या घराण्यातील कळ्या पडल्या असाव्यात.

शहानिशा करण्याच्या मिषाने जावईबापू आम्हांस बोटीतून खाडी ओलांडून, ऑलिम्पिक पर्वताच्या ईशान्य पायथ्याशी असलेल्या स्क्विम नामक गावी घेऊन गेले. या गावावर माझा पहिल्या भेटीतच लोभ जडला. ज्या पर्वताच्या पश्चिम अंगास हो नदीच्या अरण्यात वर्षाकाठी सुमारे 140 इंच पाऊस कोसळतो, त्याच पर्वताच्या आडोशामुळे इकडे जेमतेम 16 इंच पडतो. महाबळेश्वरी दोनशे इंचांच्या वर पाऊस पडत असता त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुका आकाशाकडे डोळे लावून बसतो, आणि माझी अर्धी नोकरी त्या माणमध्ये गेलेली. तेव्हा ही तक्रार मी परक्या मुलखातही ताबडतोब ओळखली. येथील लोकांनी 1895 साली डंजनेस नदीचा पाट काढला आणि पुढील वर्षापासून त्या पाण्याचा वार्षिक उत्सव सुरू केला, तो अद्याप चालू आहे. पाटाच्या पाण्याचे उत्सव मी पुष्कळ पाहिले. फक्त आमच्याकडे त्यांची सांगता पोलिसपाटलाच्या पंचनाम्याने होत असे. पुढे दुधाचा धंदा मंदावला आणि 1990 नंतर लोक लव्हेंडरकडे वळले, कारण त्यास कोरडी हवा आणि निचऱ्याची जमीन मानवते.

फुलांचा हंगाम जुलैचा. डिसेंबरात शेतात छाटलेल्या करड्या गोलसर झुडपांच्या रांगांखेरीज काही नव्हते, आणि सर्व सुगंध दुकानात जाऊन बसला होता. तेथे तुळईस उलट्या टांगलेल्या वाळक्या जुड्या, पुरचुंड्या, मेणबत्त्या, मध, साखर आणि हाताने कापलेल्या, म्हणूनच एकीसारखी दुसरी नसलेल्या साबणाच्या वड्या होत्या. मी पावती निरखून वाचली आणि मला अत्यंत समाधान झाले. वॉशिंग्टन राज्यात साबणावर विक्रीकर आहे आणि खाद्यपदार्थावर नाही. म्हणजे एकाच शेतातील एकच फूल वडीत गेले की करपात्र आणि साखरेत गेले की माफ! नाकाच्या दप्तराची ही द्विविध नोंद सरकार मान्य करते, याहून भक्कम पुरावा मला नको होता.

सौभाग्यवतींची चिंता निराळी होती. शेजारचा डबा रिकामा परत करणे आमच्या कुळाचारात बसत नाही. दुकानातून आणलेल्या वस्तूची किंमत आहेराच्या वहीत मांडता येते आणि वेळ येताच तितक्याच वजनाने ती फेडता येते. हाताने केलेल्या वस्तूचे मूल्यमापन कोणत्या दराने करावे? तिच्यावर छापील किंमत नसते, असते ती केवळ दुसऱ्याची एक संपूर्ण दुपार, आणि दुपारीची फेड दुपारीनेच करावी लागते. सबब नानकटाई ठरली. खऱ्या लव्हेंडरच्या चिमूटभर कळ्या साखरेबरोबर खलबत्त्यात कुटल्या गेल्या, परंतु नाक अद्याप राजी नव्हते. तेव्हा जावईबापूंनी दुसरी माहिती दिली : लव्हेंडरच्या सुगंधात लिनालूल नावाचे जे द्रव्य प्रमुख आहे, तेच आपल्या धन्यांतही प्रमुख आहे. ‘म्हणजे धन्याचाच भाऊबंद की!’ सौभाग्यवती उद्गारल्या, आणि त्या क्षणी साबणाच्या खात्यातील नोंद रद्द होऊन मसाल्याच्या डब्याच्या खात्यात वर्ग झाली. वेलदोड्यास त्या दिवशी रजा मिळाली.

डबा भरून गेला आणि, अर्थातच, भरूनच परत आला. या खेपेस आत लव्हेंडरची कांडी होती : ताजे दांडे विषम संख्येने घेऊन, फुलांवर उलटे वाकवून, त्यांतून एकाआड एक फीत विणलेली. ‘हे जुलैतच करून ठेवलेलं दिसतंय,’ सौभाग्यवती दांड्यांचे मोड तपासत म्हणाल्या, ‘वाळल्यावर मोडतात ते.’ मग किंचित् विचार करून त्यांनी विचारले, ‘संक्रांत आता किती लांब आहे हो? बाईंना हळदीकुंकवाला बोलवायला हवं. वाणाला त्या साबणाच्या वड्या आणू या.’

वड्यांवर कर पडतो, हे मी अधिकारवाणीने त्यांच्या निदर्शनास आणून दिले.

‘मग साखरच आणा,’ त्या म्हणाल्या. ‘काटेरी हलवा करते.’