कुंपणाचा टेकू

"काय वं, रातभर तुह्या घरचा लाइट चालू होता?"

"डाव पाहत होते काकू. नागपूरच्या दिव्या देशमुखचा, २०२५ च्या जुलैतला."

काकूंनी मेथीचं सूप कुंपणावर टेकवलं. म्हणजे अर्धा तास गेला.

"तेच ना, जिंकल्यावर मायच्या गळ्यात पडून रडली ते?"

"ती महिला बुद्धिबळ विश्वचषकाची फायनल. मी म्हणते तो त्याआधीचा, सेमीफायनलचा. जॉर्जियात, बाटुमीला. समोर चीनची तान झोंगयी, माजी जगज्जेती. दिव्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं टाकलं. तिनं वजिराकडच्या उंटापुढचं. सिसिलियन म्हणतात याला. काळ्या सोंगट्या घेऊनही भांडायची तयारी."

"मंग हे भांडली?"

"कुठली! हिनं वजिराकडच्याच उंटापुढचं प्यादं सरकवलं, तेही एकच घर. याला अलापिन म्हणतात. पुढं वजिरासमोरचं प्यादं मधे घुसवायचं, तर आधी त्याला आधार हवा." मी कुंपणाचा तिरपा टेकू दाखवला. "हा कसा, तसा."

"तो तुह्याच गोऱ्ह्यानं हलवला."

खरं होतं. मी घाईनं पुढं गेले. "१०१ खेळ्या झाल्या काकू!"

"एका डावाले? माय वं! तेवढ्यात माहं सोयाबीन निंदून झालं असतं."

"आणि जिंकून म्हणते काय, तर मधे माझंच बिघडलं, डाव गुंतला, शेवटी नशिबानं तारलं."

"हे बाकी खरं बोलली पोरगी. आपल्या इथं कोन कबूल करते? मायबाप डाक्टर हायेत तिचे. सरकारनं ३ कोटी देल्ले."

पैशाच्या बाबतीत काकूंची बातमी पक्की असते.

"फायनलला कोनेरू हंपी होती. ती २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्या जन्मलीही नव्हती. २८ जुलैला तिलाच हरवून ही भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली."

"लढाई म्हनशील तं आपल्या गावची. निजामाची."

"१७२४ ची. निजामाशी लढणारा मुबारिजखान मारला गेला त्यात. पटावर मात्र राजा मरत नाही, नुसता कोंडतो."

"निजामानं गावाले फत्तेखेर्डा नाव देल्लं म्हने. कोन म्हनते? साखरखेर्डाच राह्यलं." काकूंनी सूप उचललं तसा टेकू पुन्हा डुगडुगला. "संध्याकाळी नातीले पाठवते. शिकव तिले."

"पाठवा. अन् तिच्या हातून हातोडी द्या, टेकू ठोकून घेते."