लोखंडे सायकल नेतात

चाळिशी उलटली की मराठी मध्यमवर्गीय पुरुष पूर्वी अध्यात्माकडे वळायचा, फार झालं तर शेअर बाजाराकडे. हल्ली तो पोहायला शिकतो. पोहता यायला लागलं की सायकल घेतो, सायकल घेतली की पळायला लागतो, आणि मग ही तिन्ही कामं एकाच दिवसात, लागोपाठ करता यावीत म्हणून पैसे भरून परदेशी जातो. ३.८ किलोमीटर पोहायचं, १८० किलोमीटर सायकल मारायची, वर ४२.२ किलोमीटर धावायचं. सतरा तासांच्या आत हे उरकलं की त्याला आयर्नमॅन म्हणतात. पुण्याकोल्हापुरात हे लोक आता इतके झालेत, की लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने गुलाबजाम नाकारला तर ‘डायबेटिस का?’ विचारावं की ‘कुठली रेस?’ हे पटकन ठरत नाही.

अशाच एका गृहस्थांना आपण लोखंडे म्हणू. ते पोहतात कसे आणि धावतात कसे, मला माहीत नाही. त्या वेळी मी झोपलेला असतो. मला ठाऊक आहेत ते सायकल घेऊन विमानाने जाणारे लोखंडे, कारण ती तयारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सर्वांदेखत आठवडाभर चालते. माझं तर मत असं, की रेस हे निमित्त आहे. लोखंड्यांचा खरा खेळ सामानाचा.

सायकल साडेसात किलोची, कार्बनची. एका हाताने उचलून दाखवतात, लिफ्टमधल्या परक्या माणसालाही दाखवतात. ती इतकी हलकी व्हावी म्हणून त्यांनी काय काय केलंय! सीट बदलली, शंभर ग्रॅम वाचले. बाटलीचा स्टँड कार्बनचा आणला, वीस ग्रॅम वाचले. वाचलेल्या प्रत्येक ग्रॅमला किती पैसे पडले याचा हिशेब मी एकदा वहिनींच्या देखत तोंडी करायला लागलो होतो. तेव्हापासून लोखंडे माझ्याशी बेतानेच बोलतात. वहिनींना सायकलची किंमत नव्वद हजार सांगितलेली आहे. हा आकडा कसा आहे ते सोसायटीतल्या तमाम पुरुषांना माहीत आहे आणि सगळ्यांनी ते गुपित जिवापाड जपलं आहे. मेंटेनन्सच्या थकबाकीवरून एकमेकांचं तोंड न बघणारे दोघेसुद्धा या बाबतीत एक आहेत.

तर ही साडेसात किलोची सायकल जाते बारा किलोच्या पेटीतून. बेरीज साडेएकोणीस. विमानाच्या तेवीस किलोंच्या मर्यादेला साडेतीन कमी. मोकळे किलो लोखंड्यांना बघवत नाहीत. मग हेल्मेट आत, बूट आत, पंप आत, मीठसाखरेच्या पांढऱ्या भुकटीचा डबा आत, आईने दिलेले डिंकाचे लाडू आत. हुकाचा वजनकाटा पेटीला अडकवून दोघं जण ती उचलतात आणि लोखंडे वाकून आकडा वाचतात. घरी २२.९ म्हणजे विमानतळावर २३.४, हे त्यांचं शास्त्र. म्हणून दोन लाडू निघतात. ते लोखंडे तिथेच खातात. एकूण वजनाच्या दृष्टीने यात विमानाचा काय फायदा झाला, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

सायकल खोलण्याच्या दिवशी डाव्या पेडलचा कार्यक्रम असतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाय मारता मारता ते आपोआप सुटू नये म्हणून सायकल बनवणाऱ्यांनी केलेली ती सोय. जगातला यच्चयावत नट डावीकडे फिरवला की सुटतो, हे पेडल उजवीकडे. लोखंड्यांना हे पाठ आहे, पण मदतीला येणाऱ्यांना नसतं. वॉचमन येतो, दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी येतात, इस्त्रीवाला येतो, आणि प्रत्येक जण आपला सगळा जोर ते पेडल आणखी घट्ट करण्यात घालवून जातो. लोखंडे कुणाला अडवत नाहीत. सगळे दमले की ते पुढे होतात, पाना उलटा फिरवतात, पेडल सुटतं. आयर्नमॅन असण्याचा यापेक्षा मोठा पुरावा सोसायटीने मागितलेला नाही.

मग हँडल वळवायचं, सीट उतरवायची, मागच्या गिअरचा हँगर सोडवायचा. हा हँगर म्हणजे बोटभर धातूचा तुकडा, पण पेटी कुणी आडवी आदळली की पहिला तोच वाकतो आणि लाखोंची सायकल गिअर टाकेनाशी होते. एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम सायकलच्या प्रत्येक नळीवर चढतो. ‘मुलांना शाळेत पाठवताना यांनी कधी स्वेटरचं बटण लावलं नाही,’ वहिनी गॅलरीतून म्हणतात.

लोखंड्यांच्या मातोश्री या काळात खाली खुर्ची टाकून बसतात. ‘तिकडं सायकली मिळत नाहीत का रे?’ हा त्यांचा प्रश्न अजून कुणाला नीट खोडता आलेला नाही. लोखंडे सांगतात, की दुसऱ्याच्या सायकलवर आपलं माप जुळत नाही, सीट दोन मिलिमीटर वर असली तरी गुडघा जातो. मातोश्री ऐकून घेतात. गोव्यात मिरामारला २०१९ पासून या रेसची निम्म्या अंतराची आवृत्ती होते, तिथेही लोखंडे पेटी घेऊन विमानानेच गेले. तेव्हा मातोश्री म्हणाल्या होत्या, ‘अरे, गोव्याला जायला सायकल आहे ना तुझ्याकडे, मग तीवरच जा की.’ लोखंडे म्हणाले, ‘आई, ती वेगळी रेस. पुणे ते गोवा. तीही केली आहे मी.’ ‘मग परत कसा आलास?’ यावर लोखंडे टायर बघायला उठले.

या खेपेला हॅम्बुर्ग होतं आणि विमान मुंबईहून होतं. पेटी गाडीत बसवायची म्हणजे मागच्या सीट आडव्या कराव्या लागतात. गाडीत लोखंडे आणि पेटी, मागून टॅक्सीत वहिनी, असा लवाजमा द्रुतगती मार्गाने निघाला. पोचवायला म्हणून मी टॅक्सीत. लोणावळ्याला आम्ही वडे खाल्ले, लोखंड्यांनी गाडीतच खाल्ले. पेटीला एकटं सोडायचं नव्हतं.

विमानतळावर लोखंड्यांची छाती दोन इंच वाढते. त्यांच्या हातात एक फाइल असते. विमान कंपनीच्या नियमांची छापील प्रत, सायकलबद्दल झालेला ईमेल, आणि सायकल इथूनच नेली याचा कस्टमचा दाखला, म्हणजे परतताना ‘तिकडून विकत आणली’ असं कुणी म्हणायला नको. एरवी घराचं वीजबिल हरवणारा माणूस. पण फाइलला खुणेच्या रंगीत पट्ट्या लावलेल्या.

काउंटरवरच्या मुलीने पेटी पाहून सगळ्यांत आधी विचारलं, ‘सर, टायरमधली हवा काढलीय ना?’

लोखंडे याच प्रश्नासाठी जगत असावेत. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की सामानाचा कप्पाही प्रवाशांच्या केबिनसारखाच हवेच्या दाबाखाली ठेवलेला असतो. तो तसा नसता, अगदी बाहेर संपूर्ण पोकळी असती, तरी टायरवर वातावरणाचा जो दाब बाहेरून असतो तेवढाच कमी होणार, म्हणजे साधारण पंधरा पीएसआय. शंभरवर भरलेला टायर एकशे पंधरावर असल्यासारखा वागेल. त्यात फुटायचं काय? हे सगळं खरं आहे. मी नंतर एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारून खात्री केली. मुलीने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, ‘ओके सर. पण हवा काढा.’

पेटी उघडली. फोम निघाला. हवा सोडल्याचा फुस्स आवाज रांगेतल्या दीडशे लोकांनी ऐकला.

मागे रांग, पुढे पर्यवेक्षक. तिन्ही मापं मिळून १५८ सेंटिमीटरच्या पलीकडची पेटी म्हणून वेगळे पैसे. ते लोखंड्यांना मान्य होते. पण पंक्चर काढल्यावर टायर झटकन भरायच्या कार्बन डायऑक्साइडच्या सोळा ग्रॅमच्या दोन नळकांड्या निघाल्या आणि पुन्हा फाइल उघडली. आंतरराष्ट्रीय नियमात अशा चार छोट्या नळकांड्या चालतात, विमान कंपनीची परवानगी असेल तर. ‘तर’ हा शब्द लोखंड्यांनी पिवळ्या रंगाने रंगवला नव्हता. पर्यवेक्षकाने बोट नेमकं त्यावरच ठेवलं. नळकांड्या टोपलीत गेल्या. शेवटी ही पेटी नेहमीच्या पट्ट्यावरून जातच नाही, तिला ढकलत टोकाच्या मोठ्या सामानाच्या खिडकीपाशी न्यावं लागतं. तिला निरोप देताना लोखंडे जरा हळवे झाले. ‘बत्तीस किलोवरचा नग उचलायचा नाही असा नियम आहे यांच्याकडे, कमरा जातात ना लोडरच्या,’ ते मला म्हणाले. ‘आपली तेवीसची. नीट उचलतील.’

इथवर वाचून कुणाला लोखंडे नुसतेच वेडे वाटतील, म्हणून पुढचं सांगतो. बाजूच्या रांगेत न्यू जर्सीला लेकीकडे निघालेलं एक वयस्क जोडपं होतं. काकांनी बोलता बोलता सांगितलं, की पॉवर बँक मोठी आहे, तीस हजारांची, जड म्हणून खालच्या बॅगेत टाकली. लोखंडे ताडकन वळले. ‘काका, ती आधी काढा!’ आणि मग तोंडी हिशेब: तीस हजार मिलिअँपिअर, गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे १११ वॉट-अवर. शंभरपर्यंत हातातल्या बॅगेत मुकाट्याने चालते. शंभर ते एकशे साठ असेल तर कंपनीची परवानगी लागते. खालच्या बॅगेत कुठलीच नाही, छोटीसुद्धा. लिथियमची बॅटरी पेटली आणि ती केबिनमध्ये असली तर कुणीतरी बघतं, पाणी ओततं. खाली सामानात पेटली तर बघायला कोण आहे? दुबईच्या एमिरेट्सने तर १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरणंच बंद केलंय. काकूंचा चेहरा उतरला. ‘बाकी काही नाही हो, चटण्या, मेतकूट, आणि सुकं खोबरं.’ ‘खोबरंही काढा!’ लोखंडे म्हणाले. सुक्या खोबऱ्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून चेक-इन सामानात ते चालत नाही. दोन बॅगा उघडल्या गेल्या, काकांची परवानगी लोखंड्यांनीच मिळवून दिली, आणि दोन वाट्या खोबरं पोचवायला आलेल्या माझ्या पिशवीत आलं. काकू त्यांना आशीर्वाद देत होत्या. ‘स्वयंपाकघरात खोबरं कुठे असतं ते विचारा यांना,’ वहिनी माझ्या कानात म्हणाल्या.

पुढचं मला वहिनींकडून कळलं, कारण माझी हद्द तिथे संपली. लोखंड्यांच्या हातातल्या बॅगेत म्हणे निम्मं महावितरण असतं. घड्याळ, सायकलचा छोटा संगणक, छातीचा पट्टा, दोन दिवे, कॅमेरा, इलेक्ट्रॉनिक गिअरची बॅटरी, या प्रत्येकाची वायर, आणि स्नायूंना ठोके देणारं एक यंत्र. सुरक्षा तपासणीतल्या जवानाने स्क्रीनवरचा त्याचा आकार पाहून विचारलं, ‘हे काय आहे?’ लोखंडे अभिमानाने म्हणाले, ‘मसाज गन.’ जवानाने त्यातला दुसराच शब्द ऐकला. वीस मिनिटं गेली. वहिनी तेवढ्यात कॉफी पिऊन आल्या.

हॅम्बुर्गला दोघं पोचली, पेटी पोचली नाही. पेटीत लोखंड्यांनी माग काढणारी चकती टाकली होती, त्यामुळे ती नेमकी कुठे आहे हे जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं: विमान बदललं त्या गावी, धावपट्टीशेजारी, हलत नव्हती. काउंटरवर कुणी काही सांगू शकत नव्हतं आणि लोखंडे फोन पुढे करून सांगत होते, ‘हे बघा, इथे आहे.’ रात्रभर त्यांनी तो ठिपका बघितला. मॉन्ट्रियल कराराखाली सामानाच्या नुकसानीची भरपाई १,५१९ एसडीआरपर्यंतच मिळते, मोडतोडीची तक्रार सात दिवसांत लेखी द्यावी लागते, हे त्यांनी वहिनींना झोपेतून उठवून सांगितलं. तो एसडीआर म्हणजे रुपयांत किती, हे मात्र सांगितलं नाही. कारण ती रक्कम नव्वद हजारांच्या बरीच वर जाते आणि मग काळजी कसली, असा प्रश्न आला असता. पहाटे त्यांच्या घड्याळाने आजचा व्यायाम पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन केलं.

दुसऱ्या रात्री पेटी आली. हँगर शाबूत. रेसही झाली, चौदा तासांच्या थोडी वर. तिचं वर्णन लोखंडे स्वतः कुणालाही करतील, विचारायचीही गरज नाही.

परतीच्या वेळी पेटीवर वहिनींनी हक्क सांगितला. लाडू संपले होते, भुकटी संपली होती, तेवढे किलो मोकळे होते. त्यात एक जाड बुडाचं जर्मन पातेलं आणि चॉकलेटं बसली, आणि लोखंड्यांनी स्वतःच्या हाताने पातेल्याला तो काळा फोम गुंडाळला. मुंबईला उतरल्यावर दोघं ग्रीन चॅनलमधून निघाली. एवढी मोठी पेटी बघून कस्टमच्या अधिकाऱ्याने हाक मारली.

‘सायकल आहे? तिकडून घेतली?’

‘नाही साहेब, इथलीच,’ लोखंडे म्हणाले. संपूर्ण प्रवासात फाइलची सगळी पानं कुणी ना कुणी हाणून पाडली होती. हे शेवटचं पान मात्र बिनतोड होतं. त्यांनी दाखला काढला, सरळ केला आणि दोन्ही हातांनी पुढे दिला. ट्रॉलीशेजारी वहिनी उभ्या होत्या.

अधिकाऱ्याने चष्मा लावला. ‘सायकल, कार्बन फ्रेम, एक नग. किंमत रुपये चार लाख साठ हजार. बरोबर?’

लोखंडे काही बोलले नाहीत.

‘बरोबर ना?’ अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं.

‘साहेब,’ वहिनी म्हणाल्या, ‘जरा परत वाचता का?’