पडला की चालला?

कलेक्शनकाकांना अमुक सिनेमा कसा आहे, असं विचारू नये. त्यांच्याकडे दोनच उत्तरं असतात, ‘पडला’ किंवा ‘चालला’, आणि दोन्ही सिनेमा न बघता दिलेली असतात.

त्यांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर सापडतं. बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या धंद्याचे ताळेबंद वाचले, आता हॉलिवूडचे वाचतात. कौटुंबिक सिनेमात त्यांना रस नाही. ‘दिवाणखान्यात चार माणसं रडतात, त्यात खर्च तो काय?’ त्यांचा जीव सायन्स फिक्शनवर. पडद्यावर यान उडालं की इतरांची नजर यानाबरोबर वर जाते, काकांची खाली हातातल्या मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर.

मार्च २०१२ मध्ये डिस्नेचा ‘जॉन कार्टर’ आला आणि दहा दिवसांत कंपनीने जाहीर केलं की या सिनेमापायी सुमारे वीस कोटी डॉलरचा तोटा होणार. त्या दिवशी काका जेवले नाहीत. ‘एवढे पैसे बुडाले हो!’ असं ते पुन्हा पुन्हा म्हणायला लागल्यावर काकू घाबऱ्याघुबऱ्या कपाटाकडे धावल्या आणि एफडीच्या पावत्या मोजून आल्या. सगळ्या जागेवर होत्या. मग काकू जेवल्या. पुढच्याच महिन्यात डिस्नेच्या स्टुडिओप्रमुखाने राजीनामा दिला, तेव्हा काका थक्क झाले. ‘एवढ्या एनपीएला आमच्याकडे फार तर गडचिरोलीला बदली झाली असती. राजीनामा कोण देतं?’

त्यांच्यासोबत लिफ्टमध्ये शिरायचं तर तयारी हवी. तुम्ही सहज ‘तो पिक्चर शंभर कोटींत गेला म्हणे’ असं बोलून जाता आणि काका लिफ्टचं दार अडवतात. ‘ग्रॉस की नेट?’ मग अडीचशे रुपयांचं एक तिकीट तुमच्या डोळ्यांदेखत सोललं जातं. अठरा टक्के जीएसटीचे अडतीस रुपये गेले. उरले दोनशे बारा. पहिल्या आठवड्यात त्यातले निम्मे मल्टिप्लेक्सचे, म्हणजे निर्माता-वितरकाकडे आले एकशे सहा. दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे तीस. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं मुंबईत कडाक्याचं भांडण झालं, सुमारे दोन महिने नवे हिंदी सिनेमे मल्टिप्लेक्सला लागलेच नाहीत, त्या तहातले हे आकडे काकांना आरतीसारखे पाठ आहेत. त्यातून वितरकाचं कमिशन, जाहिराती, पोस्टरं. चीनमध्ये तर परक्या स्टुडिओच्या पदरात तिकिटाचा जेमतेम चौथा हिस्सा पडतो, हे ते अशा आवाजात सांगतात की कुणाला वाटावं, यांचीच शेती तिथे अर्धेलीने दिली आहे. ‘म्हणून खर्चाच्या अडीचपट गल्ला झाला तरच पिक्चर सुटला म्हणायचं.’ चौथा मजला येईपर्यंत निर्माता रस्त्यावर आलेला असतो.

स्टुडिओ आपला खरा खर्च सहसा चारचौघांत उघड करत नाहीत आणि छापून येणारे बजेटचे आकडे बहुतेक अंदाजाचेच असतात, हे मी एकदा म्हणून पाहिलं. काकांनी माझ्याकडे बँकेत खोटी सही घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं पाहिलं.

काकांचं आणि त्यांच्या भाच्याचं पटत नाही ते ‘ब्लेड रनर’मुळे. भाच्याच्या खोलीत त्याचं पोस्टर आहे. काकांच्या मते ते थकबाकीदाराचं छायाचित्र आहे. १९८२ चा सिनेमा, खर्च दोन कोटी ऐंशी लाख डॉलरच्या आसपास, अमेरिकेतला पहिल्या वेळचा गल्ला तेवढाही नाही. ‘अहो मामा, पण ते शहर, तो पाऊस, तो शेवट...’ असं भाचा कळवळून सांगतो. मामा म्हणतात, ‘पावसाचं बिल वेगळं.’ त्यांचा राग दिग्दर्शक रिडली स्कॉटवर नाहीच, तारीख ठरवणाऱ्यावर आहे. ११ जूनला स्पीलबर्गचा ‘ई. टी.’ लागलेला, घराघरांतली पोरंबाळं तिकडे लोटलेली, आणि २५ जूनला हे लोक पावसात भिजणारा उदास डिटेक्टिव्ह घेऊन उभे! त्यात त्याच शुक्रवारी ‘द थिंग’ही आला. तोही पडला. ‘एकाच दिवशी दोन खाती बुडवली,’ काका हळहळतात. ‘ई. टी.’चा परग्रहवासी घरी परत गेला की नाही हे त्यांना सांगता येणार नाही, पण सिनेमा साधारण एक कोटी डॉलरमध्ये तयार झाला, हे माहीत आहे.

पुढे ‘ब्लेड रनर’ व्हिडिओवर लोकांनी डोक्यावर घेतला, १९९२ मध्ये दिग्दर्शकाची आवृत्ती आली, १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचं नाव गेलं, २००७ मध्ये आणखी एक आवृत्ती आली. काकांनी हे सगळं ‘बुडीत खात्यातली वसुली’ या सदरात टाकलं आणि जरा मवाळ झाले. तेवढ्यात २०१७ मध्ये ‘ब्लेड रनर २०४९’ आला. खर्च पंधरा कोटी डॉलरच्या वर, जगभरचा गल्ला सव्वीस-सत्तावीस कोटींच्या घरात. अडीचपट झालाच नाही. छायाचित्रणासाठी रॉजर डीकिन्स यांना पहिलं ऑस्कर मिळालं, म्हणून भाचा पेढे घेऊन आला. काकांनी पेढा घेतला आणि म्हणाले, ‘बापाने कर्ज बुडवलं, तर पोराला आणखी मोठं दिलं. जामीन कोण होतं रे?’

‘प्रायमर’ मात्र त्यांचा लाडका. २००४ चा हा कालप्रवासाचा सिनेमा सात हजार डॉलरमध्ये झाला आणि त्याने चार लाखांच्या वर कमावले. भल्याभल्यांना त्याची गोष्ट उलगडत नाही. मी विचारलं, ‘काका, तुम्हाला कळला?’ ‘कळायचंय काय? साठपट!’

त्याच न्यायाने मंगळयानही त्यांना सिनेमाच वाटतो. मोहीम साडेचारशे कोटींची, आणि अवकाशात अडकलेल्या बाईची गोष्ट सांगणारा ‘ग्रॅव्हिटी’ दहा कोटी डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या भावाने सहाशे कोटी. पंतप्रधानांनी २०१४ मध्ये श्रीहरिकोट्याला हॉलिवूडच्या सिनेमापेक्षा स्वस्त यानाची गोष्ट काढली, तेव्हा आपली मुलाखत न घेता आपलं मत छापलं गेल्यासारखे काका फुगले होते.

थिएटरात ते जातात, नाही असं नाही. पण सोमवारी सकाळच्या खेळाला. शनिवार-रविवारची गर्दी कुणीही जमवतो, सोमवारी टिकतो तो खरा. सहाशे कोटींचा म्हणून गाजलेल्या ‘कल्की २८९८ एडी’ला मी त्यांच्याबरोबर होतो. पैसे जास्त पडत असूनही त्यांनी शेवटची रांग घेतली, कारण तिथून डोकी मोजता येतात. पडद्यावर अमिताभचा अश्वत्थामा उठला तसे काकाही उठले. बोटाने हवेत रांगा ओढत पुटपुटू लागले. पुढे दोघं झोपले होते. ‘झोपलेले धरायचे. तिकीट काढलंय.’ मध्यंतरात मी पॉपकॉर्न आणायला निघालो, तर हात धरून बसवलं. ‘त्यातली दमडी निर्मात्याला जात नाही. सगळी थिएटरवाल्याची.’ सहाशे कोटी लावणाऱ्या त्या अनोळखी माणसासाठी आम्ही दोघं तीन तास उपाशी बसलो. बाहेर पडल्यावर मी विचारलं, ‘अमिताभ कसा वाटला?’ काका म्हणाले, ‘सोमवारच्या मानाने बरा.’

तुम्हाला एखादा सायन्स फिक्शन सिनेमा मनापासून आवडणार असेल, तर काकांचं एवढं ऐका: पहिल्याच आठवड्यात जा. तेव्हा निर्मात्याच्या बाजूला निम्मे जातात, पुढे कमीच होत जातात. पॉपकॉर्न घ्यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.