डावा बूट

युटामधल्या मोआबहून निघालेला 128 नंबरचा रस्ता 44 मैल जातो, त्यातला बराचसा कोलोराडो नदीच्या कडेकडेने. फार देखणा आहे म्हणे. म्हणे अशासाठी, की त्यातले पहिले सातच मैल मी धड पाहिले. तिथे बिग बेंड नावाचा काठ आहे आणि त्या काठाने माझा बूट खाल्ला.

बूट चिरंजीवांनी घेऊन दिलेले. किमतीची चिठ्ठी खोक्यावरून सोलून काढलेली, म्हणजे आकडा माझ्या प्रकृतीला झेपणारा नसावा. पण नदी दिसली की काठाशी जायचंच, हा माझा वाईपासूनचा रोग.

"अहो, चिखल आहे."

"चिखल नाही, वाळू आहे," असं म्हणेपर्यंत डावा पाय पोटरीपर्यंत आत.

कोलोराडो म्हणजे स्पॅनिशमध्ये तांबूस, हे ठाऊक होतं. लाल खडक झिजून झालेला हा बारीक गाळ मात्र ठाऊक नव्हता. वरून बासुंदीसारखी साय धरतो, आत तळ नसतो. एका बाजूने सून, दुसऱ्या बाजूने चिरंजीव. एक, दोन, तीन! पाय आला. मोजा अर्धा आला. बूट आला नाही. चिरंजीवांनी कोपरापर्यंत हात घालून वीस मिनिटं गाळ चाचपला, तेव्हा बिअरचा एक डबा निघाला. नदीतून रबरी होडीने जाणाऱ्या एका बाईंनी लांबूनच आम्हाला अंगठा दाखवून शाबासकी दिली.

पुढे गाडीत व्याख्यान. कॅसल व्हॅली "तुम्ही ऐकतच नाही, बाबा" यात गेली. फिशर टॉवर्स, ज्यातला टायटन हा एकच सुळका 900 फुटांचा, "काही झालं असतं म्हणजे?" यात गेले. फोनला रेंज नव्हती, त्यामुळे मध्ये कोणाचा फोन येऊन सुटका होण्याचीही आशा नाही.

मग ड्यूई ब्रिज. 1916 चा झुलता पूल, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. 2008 मध्ये एक लहान पोरगा काड्यापेटीशी खेळला आणि पूल जळाला. आता नुसते मनोरे आणि तारा उभ्या.

"बघा! त्याने अख्खा पूल घालवला, मी एक बूट," मी म्हणालो. सौ. आणि सून खिडकीबाहेर बघू लागल्या.

चिरंजीव बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "वाईला माझी सँडल वाहून गेली होती. आठवतं?"

आठवतं. दुसरीत होता. भर घाटावर मी त्याच्या थोबाडीत दिली होती.

पुढचं तो काही बोलला नाही. उतरला, डिकीतून स्वतःच्या सपाता काढल्या आणि खाली बसून माझ्या पायाशी ठेवल्या. दोन नंबर मोठ्या. मी डावी तेवढी घातली. उजव्या पायातला बूट काढला नाही. निदान तो तरी वसूल व्हायला हवा.

सिस्कोला मी तसाच उतरलो. वाफेची इंजिनं गेली आणि त्यांच्यावर जगणारं हे गाव ओस पडलं, त्यामुळे हसायला कोणी नव्हतं.