घेवड्याची कैफियत

गिरणेच्या पाण्यावर ज्या भडगावात केळीचे मळे उभे राहतात आणि जिथल्या काळ्या जमिनीत कापूस पिकवता पिकवता पिढ्या खपल्या, त्या गावी परसदारी श्रावणघेवड्याचे दोन वाफे लावून त्यांच्या प्रकृतीची अहोरात्र काळजी वाहणारे कुटुंब सार्वत्रिक करमणुकीचा विषय व्हावे, यात नवल ते काय? आमच्या घरी लागवड सौभाग्यवतींची. माझ्याकडे केवळ दप्तर. उभी हयात तहसील कचेरीत पंचनामे लिहिण्यात गेल्यामुळे, रोपाने मान टाकली की आधी स्थळपाहणी, मग जाबजबाब आणि सरतेशेवटी हुकूम, हा क्रम माझ्या हाडीमाशी खिळला आहे. गावाचे कामकाज मात्र हुकुमापासूनच सुरू होते.

कुंपणापलीकडून रोज सकाळी "काय करी ऱ्हायनात भाऊ?" अशी पृच्छा करणारे आमचे शेजारी आप्पा हे हाडाचे केळीवाले, त्यांच्या वैद्यकात यच्चयावत व्याधींवर पाणी हे एकच औषध. बी उगवले नाही, पाणी द्या; पाने पिवळी पडली, पाणी द्या; फुले गळाली, तर अर्थातच अधिक पाणी द्या. उगवणीची मुदत टळून गेल्यावर सौभाग्यवतींनी खुरप्याच्या टोकाने एक बी उकरून माझ्या तळहातावर ठेवले, तेव्हा त्याची साल सुटून मुरडलेली होती, दोन्ही डाळी फुगून बुळबुळीत झाल्या होत्या, आणि वास असा होता की पंच म्हणून पाचारण केलेल्या आप्पांनी सही करण्यापूर्वीच उपरणे नाकाला लावले. घेवड्याचे बी रात्रभर भिजत घालून आधीच तुडुंब असलेल्या काळ्या मातीत पुरणे म्हणजे त्याला जिवंतपणी जलसमाधी देणेच होय. उंच गादीवाफा, त्यात मुरलेले शेणखत, कोरडे बी इंचभर खोल आणि माती नुसती ओलसर, एवढ्यावर ते आठवड्याभरात मान वर काढते.

पिवळ्या पानांचे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर आमच्या चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही असे समजावे. आणि मातीत पाणी साचले म्हणजे ही तक्रार कमी न होता वाढते. हे आप्पांना समजावून सांगताच त्यांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिले, की पुढील चर्चा मला तहकूब करावी लागली.

पेन्शनर मास्तरांचे निदान याहून व्यापक. फुले येतात आणि शेंग धरण्याआधीच देठातून गळतात, याचा दोष त्यांनी मधमाश्यांच्या ऱ्हासावर आणि तेथून एकंदर मानवी संस्कृतीवर ठेवला. मधमाश्यांविषयीची त्यांची कळकळ आदरणीय खरी, परंतु घेवड्याचे फूल बहुधा उमलण्यापूर्वीच स्वतःचे परागीभवन स्वतः उरकून घेते. या कामी त्याला मध्यस्थ लागत नाही. खरा आरोपी आकाशात उघडपणे तळपत असतो. मेक्सिको आणि अँडीजच्या डोंगराळ मुलुखातून आलेले हे पीक 15 ते 25 अंशांत सुखाने नांदते. पारा बत्तिशी ओलांडून पुढे गेला की पराग निकामी होऊ लागतो. आणि आमच्या जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात तो 44 अंशांवर जाणे ही काही बातमी नव्हे. याच घेवड्याच्या कुळातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात साताऱ्याकडच्या हवेचाही वाटा आहे. ती हवा इकडे बदलून मिळण्याची तजवीज कोणत्याही कचेरीत नाही.

याच उन्हात लाल कोळी येतो. पान वरून निस्तेज व ठिपक्यांचे दिसू लागले की ते कोऱ्या कागदावर झटकावे. धुळीचे कण चालू लागले, तर कबुलीजबाब मिळाला असे समजावे. पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारला की निम्मी फौज वाहून जाते. मावा असल्यास पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबणाच्या चुऱ्यासह संध्याकाळी फवारावी. दुकानदाराने दिलेल्या रंगीत बाटलीचा मात्र परसदारच्या भाजीशी संबंध येऊ देऊ नये, कारण ती भाजी चार दिवसांत आपल्याच ताटात येणार असते.

युरियाचे मूठभर औदार्य आमच्या मेव्हण्यांचे. त्या कृपेने झाडे अशी दाट माजली की शेंगा शोधण्यास वॉरंट काढावे लागले, आणि वॉरंट बजावूनही एकही शेंग हजर झाली नाही. त्या वर्षीच्या पिकावर समाधानी असलेला एकमेव जीव म्हणजे समोरची शेळी. घेवड्याच्या मुळांवर इतर कडधान्यांइतक्या गाठी धरत नाहीत, म्हणून त्याला थोडे खत लागते हे खरे. पण थोडे म्हणजे थोडेच.

आणि शेंगा लागल्या, तर त्या कोवळ्या असतानाच दोन-तीन दिवसांआड तोडाव्यात. पाहुण्यांना दाखवण्यासाठी झाडावर राखून ठेवलेल्या शेंगांत दाणा भरतो, शिरा दोरासारख्या चिवट होतात आणि आपले वंशकार्य पार पडले असे मानून झाड पुढची फुले आवरती घेते.

सर्व कागदपत्र पाहता माझा हुकूम असा: भडगावात घेवडा दसऱ्याच्या आगेमागे पेरावा, म्हणजे पन्नास-साठ दिवसांत, कडाक्याची थंडी पडण्याआधी तोडणी सुरू होते. उन्हाळ्यात त्या वाफ्यात गवार किंवा चवळी लावावी. त्या दोघींना हे ऊन मानवते. आप्पांनी या हुकुमावर अपील केले असून, ते अद्याप पाण्याच्याच मुद्द्यावर अडले आहे.