तुळस ओरडली

मुलगा नववीत गेला की घरात दोन गोष्टी येतात : त्याच्या ओठावर मिशीची रेघ आणि बापाच्या फोनवर कोडिंग क्लासची जाहिरात. मिशी फुकट येते. क्लासच्या बाईंनी फी सांगितली तेव्हा मी आधी खुर्चीत बसलो आणि मग विचारलं, "यात कॉम्प्युटरही मिळतो का?"

"नाही सर, सर्टिफिकेट मिळतं."

मग क्लासचा नाद सोडून आम्ही बापलेक पुण्याच्या बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या तापकीर गल्लीत गेलो. "आर्डुइनो ऊनो? ओरिजिनल का क्लोन?" दुकानदारानं चिरंजीवांना विचारलं. माझ्याकडे फक्त पिशवी धरण्याचं खातं होतं. नक्कल म्हटल्यावर माझ्यातला पापभीरू कारकून कासावीस झाला. चिरंजीवांनी समजूत घातली : आर्डुइनो म्हणजे प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा बोर्ड, आणि त्याचा आराखडाच सगळ्यांना खुला आहे, नक्कल करायला बंदी नाही. २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात विद्यार्थ्यांना परवडेल असा तो बनवला गेला आणि नाव ठेवलं तिथल्या एका बारचं. ही शेवटची माहिती आजीपर्यंत पोचू द्यायची नाही, असं आमचं दुकानातच ठरलं. बोर्ड, केबल, ब्रेडबोर्ड, बझर, मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर, सगळं हजाराच्या आत. सॉफ्टवेअर फुकट. आयआयटी मुंबईची स्पोकन ट्युटोरियल्स तर मराठीतही आहेत, तेही फुकट.

पहिल्या रात्री बोर्डावरचा एवढासा दिवा सेकंदाला लागायला आणि विझायला लागला. चिरंजीव नाचले. "आपल्या जिन्यातली ट्यूब हे गेली दोन वर्षं करतेय," ही म्हणाली.

दुसरा प्रयोग तुळशीवर. माती सुकली की बझर वाजणार. त्यासाठी आधी माती सुकायला हवी होती. "आजी, उद्या तुळशीला पाणी घालू नकोस हं."

"मेल्या, तुझ्या शिक्षणासाठी तुळस मारू?"

बऱ्याच वाटाघाटींनंतर आजी एका दिवसाला कबूल झाली. पहाटे गॅलरीतून असा काही आवाज आला की शेजारचे काका टॉर्च घेऊन बाहेर आले. आजी हातात तांब्या घेऊन उभी. चोरून पाणी घालायला गेली होती आणि पाणी पडताच तुळस ओरडली!

चिरंजीवांनी लॅपटॉप उघडला. या सेन्सरचं माप बोर्ड शून्य ते १०२३ अशा आकड्यांत वाचतो आणि माती कोरडी झाली की आकडा खाली न जाता वर चढतो. प्रोग्रॅममध्ये 'पेक्षा लहान' होतं तिथे 'पेक्षा मोठा' हवं होतं. एक चिन्ह फिरवलं, काम झालं. गणितात हीच चिन्हं सर वर्षभर फळ्यावर काढतात. पण तिथे चूक झाली तर अर्धा मार्क जातो, इथे सगळी सोसायटी उठते. माझ्या मते दुसरी पद्धत जास्त लक्षात राहते. आजीचं मत वेगळं पडलं : चोर पकडणारं यंत्र बिघडवून ठेवलंस.

पुढे सेन्सरच्या पट्ट्या गंजल्या. ओल्या मातीत सतत वीज खेळवली की त्या गंजणारच. आता प्रोग्रॅम माप घेण्यापुरतीच वीज सोडतो. हे चिरंजीवांना कुणी शिकवलं नाही. नवा सेन्सर स्वतःच्या खाऊच्या पैशातून आणावा लागला, तेवढं पुरलं.

तेव्हा तुमच्याही फोनवर ती जाहिरात आली, तर फी भरण्याआधी एकदा तापकीर गल्लीत जाऊन या. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला. दुकानात बोलायचं काम मात्र पोरालाच करू द्या.